ब्रेक ओढून केलेला प्रवास

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना यंत्रांचे वावडे असते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज खोटा ठरविण्याची संधी गेल्या फेब्रुवारीत मला चालून आली होती. मी ती कशी दवडली आणि त्यातून काय शिकले, ते या लेखात सांगणार आहे. आपल्यापैकी अनेकजण मोटार चालवितात, उरलेले आज ना उद्या शिकतील. तेव्हा माझी फजिती त्यांच्या उपयोगी पडली, तर ती अगदीच वाया गेली असे होणार नाही.

चिपळूणला नात्यातले लग्न होते. वडील आदल्या दिवशीच पुढे गेले होते. मला मोटार चालविण्याचा परवाना मिळून जेमतेम तीन महिने झाले होते. कराडहून चिपळूणपर्यंत आई, आजी आणि धाकट्या भावाला घेऊन जाण्याची जबाबदारी मी मोठ्या ऐटीने अंगावर घेतली. पाटणला ओटीचा नारळ आणि हार घेण्यासाठी आम्ही थांबलो. गाडी एका उताराच्या गल्लीत लावली आणि हँडब्रेक चांगला करकचून ओढला. येथपर्यंत माझे काहीच चुकले नाही.

चूक झाली ती निघताना. मी हँडब्रेकच्या टोकाचे बटण दाबले, दांडा खाली केला आणि निघाले. दांडा खाली गेला, पण पुरता गेला नाही. तीन दाते वरच राहिला.

गाडी किंचित जड वाटत होती. त्याला माझ्याकडे उत्तर होते: चार माणसे, मागे लग्नाचे सामान, आणि कोयनेच्या काठाकाठाने जाणारा रस्ताही हळूहळू चढतच जातो. गाडी वेग घेईना, त्यालाही उत्तर होते: गाडी जुनी आहे. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "अगं, काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय." मी मागे न बघताच म्हटले, "आजी, शेतात पाचट जाळत असतील." त्या दिवसांत आमच्या भागात उसाची पाचट खरोखरच जळत असते. आजी गप्प बसली. पाच-सहा मैलांनी तिने पुन्हा तेच सांगितले. मी पुन्हा तेच उत्तर दिले.

पाटणपासून सुमारे वीस किलोमीटरवर, हेळवाकच्या अलीकडे, आम्ही चहाला थांबलो. यापुढे कुंभार्ली घाटाचा उतार सुरू होतो. टपरीपाशी गाडी थांबविताना ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेल्यासारखे वाटले. मी त्याकडेही दुर्लक्ष केले. इतक्यात शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर चहाचा पेला हातात घेऊनच आमच्याकडे आला.

"ताई, मागच्या चाकातनं धूर येतोय. हँडब्रेक खाली हाय का बघा आधी."

भावाने दांडा दाबला आणि तो तीन दाते खाली गेला. त्या वेळी माझा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. भाऊ तत्परतेने टपरीवरची पाण्याची बादली उचलून धावला. ड्रायव्हरने त्याला हातानेच अडविले. "पाणी वतू नका, ड्रम तडकंल. निवू द्या आपसूक." मग माझ्याकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "असंच घाटात उतरला असता, तर निम्म्या वाटंत ब्रेक लागला नसता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेले नाही. ब्रेक ओढलेला असताना गाडी वीस किलोमीटर धावलीच कशी? आणि ब्रेक ओढलेला असल्यामुळेच पुढे ब्रेक लागला नसता, हा काय प्रकार आहे? दोन मेकॅनिकांना आणि पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांना छळून मी याची उत्तरे मिळविली. ती शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडते.

पहिला प्रश्न: गाडी धावली कशी? पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक ही दोन निरनिराळी यंत्रणा आहेत. पायाने पॅडल दाबले की नळ्यांतील तेलाला दाब मिळतो आणि तो चारही चाकांच्या ब्रेकना पोहोचतो. या कामी पायाच्या जोराला इंजिनाच्या साहाय्याने आणखी जोर मिळण्याची सोयही बहुतेक गाड्यांत असते. हँडब्रेकचा मात्र या तेलाशी संबंध नाही. दांडा ओढला की एक पोलादी केबल ताणली जाते आणि ती सामान्यतः फक्त मागच्या दोन चाकांचे ब्रेक आवळते. लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत बहुधा ड्रम असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या या लोखंडी डब्याच्या आत अर्धचंद्राकार दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर बसविलेले असते. केबल ओढली की शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासते.

दांड्याच्या बुडाशी दात्यांची पट्टी आणि त्यात अडकणारी एक खिट्टी असते. दांडा वर ओढताना होणारा टिकटिक आवाज हा त्या खिट्टीचा. दांडा ताणलेला असला, की खिट्टी दात्यात घट्ट रुतून बसते. म्हणून सोडताना दांडा आधी किंचित वर उचलावा, मग बटण दाबावे आणि बटण दाबलेलेच ठेवून दांडा तळाला टेकेपर्यंत खाली न्यावा. मी बटणावरचा अंगठा मध्येच सोडला, त्याबरोबर खिट्टी पुढच्या दात्यात पडली.

हँडब्रेक हा मूलतः उभी गाडी उभी ठेवण्यासाठी आहे. मोटारींच्या ब्रेकसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले आहेत, त्यांत भरलेली गाडी शेकडा 20 चढ-उतारावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर अशा उतारावर, पार्किंग ब्रेकने धरून ठेवली पाहिजे अशी अट आहे. आणि हे काम हाताच्या सुमारे चाळीस किलो जोरात झाले पाहिजे. माणसांसकट अकराशे किलोची गाडी अशा उतारावर धरायची, तर चाकांपाशी दोनशे किलोंहून थोडा जास्त विरोध लागतो. छोट्या गाडीचे इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये चाकांना याहून अधिक जोर देऊ शकते. म्हणजे पुरता ओढलेला हँडब्रेकही पहिल्या गिअरपुढे हार खाण्याचा संभव असतो. मग माझ्यासारखा अर्धामुर्धा राहिलेला ब्रेक काय करणार? तो गाडी थांबवीत नाही, नुसता घासत राहतो. पुरता लागलेला हँडब्रेक चालकाला बहुधा लगेच कळतो, कारण गाडी हलायला नकार देते किंवा इंजिन बंद पडते. खरा धोका अर्ध्या लागलेल्या ब्रेकचा आहे, कारण तो गाडीला जाऊ देतो.

आता दुसरा प्रश्न: घासत राहिला तर बिघडले काय? येथे थोडा इतिहास सांगणे अस्थानी होणार नाही. काउंट रम्फर्ड हा म्यूनिकच्या तोफांच्या कारखान्याची व्यवस्था पाहत असे. तोफेची नळी आतून कोरताना धातू विलक्षण तापतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेऊन, घोड्यांच्या जोरावर तोफ फिरवून पाण्यात ते घर्षण घडविले. अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळू लागले, आणि बघ्यांच्या आश्चर्याला पारावार राहिला नाही. हा प्रयोग त्याने 1798 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे 1840 नंतरच्या दशकात जेम्स जूल याने किती कामातून किती उष्णता निर्माण होते, याचा हिशेबच बसवून दिला. आमच्या मागच्या चाकांत त्या दिवशी रम्फर्डचाच प्रयोग चालू होता. तेथे घोड्यांऐवजी इंजिन होते आणि पाण्याची सोय नव्हती, एवढाच फरक.

जूलचा हिशेब आपण करून पाहू. अर्धवट ओढलेला ब्रेक गाडीला तीस किलो वजनाएवढा विरोध करीत होता असे धरू. प्रत्यक्ष आकडा गाडीगणिक बदलेल, पण अंदाजाला हा पुरेसा आहे. ताशी 45 किलोमीटर वेगाने जाताना या विरोधातून साडेतीन हजार वॅटहून जास्त उष्णता निर्माण होते. हजार वॅटच्या जवळजवळ चार इस्त्र्या एकदम चालू ठेवून दोन डब्यांत बंद कराव्यात, तसा हा प्रकार. वीस किलोमीटरांत निर्माण झालेल्या एकूण उष्णतेत सुमारे अठरा लिटर गार पाणी, म्हणजे मोठी घागरभर पाणी, उकळीला येईल. त्यासाठी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल फुकट गेले ते वेगळेच.

हाच हिशेब दोनशे मीटरांचा केला, तर फक्त एक कप चहाचे पाणी उकळते. म्हणून फाटकातून निघून गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आले की हँडब्रेक ओढलेला आहे, तर घाबरण्याचे कारण नसते. दांडा खाली करावा आणि पुढे जावे. चूक कोणती यापेक्षा ती किती वेळ चालू राहिली, याला येथे महत्त्व आहे.

आता घाटाकडे येऊ. समजा, अकराशे किलोची ती गाडी चारशे मीटर उंचीवरून खाली उतरवायची आहे. या उतरण्यात जेवढी शक्ती मोकळी होते, तिचा काही भाग गिअरमध्ये ठेवलेले इंजिन अडवून धरते, काही वारा खातो आणि उरलेला चार चाकांचे ब्रेक पचवितात. हिशेब मांडल्यावर मी थक्क झाले. चारशे मीटरच्या संपूर्ण उतारात मोकळी होणारी शक्ती ही वीस किलोमीटरांत मी ब्रेक घासून निर्माण केलेल्या उष्णतेपेक्षा कमी भरते! म्हणजे घाटाच्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच माझ्या मागच्या दोन चाकांनी एका अख्ख्या घाटाहून जास्त ताप सोसला होता. खरा घाट अजून पुढेच होता.

ब्रेक फार तापला की तीन गोष्टी होतात. पहिली, लायनरची घासून धरण्याची शक्ती घटते. ते भाजून निघते, त्यातून वायू निघतात आणि पुढे त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. आजीला आलेला वास तो हाच. दुसरी, ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो. साहजिकच शूला त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पॅडल अधिक खोल दाबावे लागते. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. चाकांतील उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने होत जाते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलने किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत टिकले पाहिजे असे मानक आहे, पण ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा 140 अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. त्यामुळे पायाने दिलेला दाब बुडबुडे आवळण्यातच खर्च होतो. पॅडल मऊ लागते, खाली जाते, आणि गाडी थांबत नाही. आधुनिक गाड्यांत ब्रेकच्या नळ्या दोन स्वतंत्र गटांत विभागलेल्या असतात, त्यामुळे एक गट निकामी झाला तरी दुसरा काम करतो. परंतु कित्येक गाड्यांत प्रत्येक गटात एक पुढचे आणि एक मागचे चाक असते. अशा गाडीत मागची दोन्ही चाके तापली, तर दोन्ही गटांना झळ पोहोचते.

माझे पॅडल दोन बोटे खाली गेले होते, ते यामुळे. ट्रक ड्रायव्हरने एका वाक्यात सांगितलेले मला समजायला तीन आठवडे लागले.

आम्ही त्या दिवशी पुढे काय केले, तेही सांगते. सपाट जागा होती, तरी हँडब्रेक पुन्हा ओढला नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना मागेपुढे दगड लावले. कोणालाही चाकाजवळ जाऊ दिले नाही. तासाभराने मेकॅनिक आला. त्याने ड्रम उघडून दाखविला, तेव्हा लायनर काळे पडून चकाकत होते आणि तेथील रबरी वायसर कडक झाले होते. "गाडी घाटात न्यायची नाही," एवढेच तो म्हणाला. गाडी तेथेच सोडून आम्ही चौघे एस.टी.ने चिपळूणला गेलो. अक्षता चुकल्या, जेवण मिळाले. वडिलांनी सर्वांदेखत काही विचारले नाही. पंगतीत आजीने मात्र शेजारच्या बाईंना सांगितले, "आमच्याकडे यंदा पाचट जरा लवकर पेटली."

धूर दिसण्याऐवजी ज्वाळा दिसल्या असत्या तर? असे क्वचित होते, पण होते. अशा वेळी सर्वांनी उतरून दूर जावे, हे पहिले काम. गाडीची काळजी त्यानंतर.

या प्रसंगानंतर घरच्या मंडळींत एक विचित्र मत पुढे आले. "यापुढे हँडब्रेक लावूच नकोस. गाडी गिअरमध्ये ठेवली की झाले," असे मामांनी बजावले. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर सोडलेली गाडी एखाद्या धक्क्याने घरंगळू शकते, आणि खाली कोण खेळत असेल ते सांगता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत चालकाच्या परीक्षेसाठी जी कौशल्ये दिली आहेत, त्यांत तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा पॅडलांचा नीट उपयोग करून ती मागे न घसरू देता पुन्हा चालू करणे याचा समावेश आहे. मी जेथे शिकले, तेथे सपाट मैदानावरच सगळे उरकले आणि हँडब्रेक नेहमी शिकविणारेच सोडीत असत. तेव्हा दांडा लावायला शिकणे जितके आवश्यक आहे, तितकेच तो सोडायला शिकणेही आवश्यक आहे.

यासाठी मी आता काही सवयी लावून घेतल्या आहेत. किल्ली फिरविल्यावर समोरचा लाल दिवा पाहते. वर्तुळात उद्गारचिन्ह किंवा इंग्रजी पी हे अक्षर अशी त्याची खूण असते. हँडब्रेक लावलेला असताना तो पेटला पाहिजे आणि दांडा पुरता खाली गेल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटलाच नाही, तर तो गेलेला असण्याचा संभव असतो. आमच्या गाडीत तेच झाले होते. दांडा खाली करूनही दिवा विझला नाही, तर ब्रेक ऑइल कमी झाले असण्याची शक्यता असते, कारण पुष्कळ गाड्यांत दोन्हींसाठी एकच दिवा असतो. अलीकडच्या कित्येक गाड्यांत ब्रेक ओढलेला ठेवून निघाल्यास घंटी वाजते, आणि जेथे दांड्याऐवजी बटण आहे तेथे ब्रेक बहुधा आपोआप सुटतो. परंतु आपल्या रस्त्यांवर दांड्याच्या गाड्या अजून भरपूर आहेत.

दुसरी सवय हाताची. दिव्यावर विसंबून न राहता, निघण्यापूर्वी दांड्यावर हात ठेवून तो तळाला टेकला आहे ना, हे चाचपते. तिसरी, सपाट मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असता गाडी नेहमीपेक्षा लवकर मंदावते का, याकडे लक्ष देते. आणि चौथी, घाटाच्या माथ्यावर थांबून एकदा पॅडल दाबून पाहते. ते घट्ट आणि नेहमीच्याच उंचीवर लागले, तरच खालच्या गिअरमध्ये उतरायला लागते.

पाचवी सवय यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. गाडी जड का वाटते, वेग का घेत नाही, वास कसला येतो, या तिन्ही प्रश्नांना माझ्याजवळ तयार उत्तरे होती, आणि त्यांतले प्रत्येक उत्तर एकेकटे पाहिले तर पटण्यासारखे होते. तिन्ही तक्रारी एकदम का आल्या, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. मागे बसलेल्या ज्या बाईने जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, तिला तो वास सर्वांत आधी कळला. हल्ली आजी गाडीत बसली आणि "कसला तरी वास येतोय" म्हणाली, की मी गाडी बाजूला घेते, उतरते आणि चारही चाकांभोवती एक फेरी मारून येते. आतापर्यंत प्रत्येक वेळी ती पाचटच निघाली आहे. तरीही मी उतरते.